सफाई, कॉस्टिक आणि पहिली वीस मिनिटे



गळीत हंगाम संपला की आपण सगळे आकड्यांकडे वळतो. गाळप किती टन झाले, उतारा किती पडला, हप्ता कधी निघणार, यावर पारावर आणि गटाच्या बैठकीत भरपूर बोलणे होते. ते व्हायलाच पाहिजे. पण त्याच सुमारास कारखान्याच्या आत एक काम चालू असते, त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ते काम म्हणजे सफाई. या वेळच्या पाठासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. सफाई करताना कॉस्टिक, ॲसिड, चुना अशा पदार्थांनी माणूस भाजतो कसा, आणि भाजलाच तर पहिल्या वीस मिनिटांत काय करायचे, एवढेच आज समजून घ्यायचे आहे.

काहींना वाटेल, हा कामगारांचा विषय, ऊस उत्पादकाला त्याचे काय? वाचून झाल्यावर आपणच ठरवावे.

एक घडलेली गोष्ट

आपल्या जिल्ह्यातल्याच एका ठिकाणची ही हकिगत आहे. नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे कुठेही घडू शकते. ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागलेला एक तरुण पाइपचा जोड सोडत होता. कॉस्टिकचे पाणी काढून टाकले आहे, असे त्याला सांगितले होते. पाइपच्या वाकणात थोडेसे राहिले होते. जोड ढिला होताच ते उडाले आणि उजव्या डोळ्यात गेले.

लोक धावले. एकाने गळ्यातल्या टॉवेलने त्याचा डोळा पुसला. दुसऱ्याने जीप आणायला माणूस पिटाळला. जीप आली, त्याला आत बसवले आणि दवाखाना गाठला. सगळ्यांनी जीव तोडून धावपळ केली, कोणी हयगय केली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ घातलं?" कोणाला उत्तर देता येईना. पाणी कोणी घातलेच नव्हते. फरशी धुण्याचा नळ तिथून वीस पावलांवर वाहत होता.

त्या मुलाची त्या डोळ्याची नजर परत आली नाही. त्याचे वडील आपल्यासारखेच दीड-दोन एकर ऊस लावणारे. ते एवढेच म्हणाले, "पाणी होतं हो, पण कुणी सांगितलंच नव्हतं."

ते सांगण्यासाठीच हा पाठ.

कारखान्यात कॉस्टिक कशाला लागते?

आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर पाणी तापवायच्या हंड्याच्या तळाला पांढरा थर चढतो, हे घरोघर माहीत आहे. थर जाड झाला की पाणी तापायला जळण जास्त लागते. कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. उसाच्या रसात चुना घालून तो निवळतात आणि मग मोठमोठ्या बंद भांड्यांत आटवतात. या भांड्यांना कामगार 'बॉडी' म्हणतात. बॉडीत शेकडो नळ्या असतात. रसातला चुना व इतर क्षार त्या नळ्यांना आतून चिकटतात. हा थर वाढला की वाफ जास्त खर्च होते, रस नीट आटत नाही आणि गाळप मंदावते. गाळप मंदावले की आपला ऊस फडात वाळत उभा राहतो. म्हणजे ही सफाई वेळेवर होण्यात आपला सरळ फायदा आहे.

थर काढण्यासाठी बॉडीत कॉस्टिक सोड्याचे द्रावण भरून काही तास उकळवतात. त्याने थर मऊ होतो. नंतर पाण्याने धुऊन ब्रशने किंवा कटरने नळ्या घासतात. काही वेळा पातळ केलेले ॲसिडही फिरवतात. काम कौशल्याचे आहे, घाईचे असते, जागा अडचणीची आणि गरम असते. भाजण्याचे प्रसंग येतात ते बहुधा चार ठिकाणी: कॉस्टिक विरघळवताना, व्हॉल्व्ह किंवा जोड सोडताना, पंपाच्या गळतीपाशी, आणि पूर्ण न धुतलेल्या बॉडीत उतरताना.

कॉस्टिक आणि ॲसिड यांत फरक काय?

ॲसिड अंगावर पडले की लगेच आग होते. माणूस ओरडतो, झटकतो, पाण्याकडे धावतो. ॲसिडने कातडीचा वरचा थर जळून कडक होतो आणि ती कडक खपलीच पुढच्या ॲसिडला थोडीफार अडवते. इजा वाईटच, पण माणूस सावध तरी होतो.

कॉस्टिकचे तसे नाही. ते पडल्यावर प्रथम बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच कातडीतील चरबीचा साबण होत असतो. साबणाच्या कारखान्यात तेल आणि कॉस्टिक यांचे जे होते तेच इथे अंगावर चाललेले असते. खपली धरत नाही, म्हणून कॉस्टिक आत आत मुरत जाते. दुखणे पुष्कळदा उशिरा सुरू होते. "थोडंसंच उडालंय, काम आटोपून धुतो," असे म्हणणारा माणूस संध्याकाळी दवाखान्यात असतो. डोळ्यात गेले तर काही मिनिटांतच ते बुबुळाच्या पडद्यातून आत उतरते.

चुना हा कॉस्टिकचाच भाऊबंद. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळी फुटते ती आपण पाहिलेली आहे. भिंतीला चुना देताना डोळ्यात थेंब जाणे हे साधे समजू नये. आणखी एक गोष्ट घराघरांतली. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुले खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. अशी मुले नेत्ररुग्णालयांत येत असतात. चुना संपला म्हणून पुडी अंगणात टाकू नका.

पहिली वीस मिनिटे

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा.

१. ताबडतोब पाणी. स्वच्छ, साधे, वाहते पाणी भाजलेल्या जागेवर निदान वीस मिनिटे सोडावे. घड्याळ लावून वीस. माणसाला दोन मिनिटांनी बरे वाटते आणि तो "बास" म्हणतो. त्याचे ऐकू नये. कॉस्टिक किंवा चुना असेल तर याहून जास्त वेळ धुतले तरी चालेल, कमी चालणार नाही.

२. पाणी चालू असतानाच कपडे, बूट, घड्याळ, अंगठी, बांगड्या, करदोटा काढावा. भिजलेला कपडा म्हणजे अंगाला बांधलेला विषारी लेप. लाजेपायी कपडे ठेवले तर खालची कातडी जाते. बाई असेल तर बायांनी चादरीचा आडोसा करावा, पण कपडे काढावेत. मदत करणाऱ्याने हातात रबरी मोजे घालावेत.

३. पदार्थ कोरडी भुकटी असेल, उदाहरणार्थ चुना किंवा कॉस्टिकचे खडे, तर आधी कोरड्या फडक्याने पटकन झटकून टाकावी आणि मग भरपूर पाणी घालावे. थोडेसे पाणी घातले तर उष्णता वाढते, म्हणून पाणी घालायचे ते सढळ.

४. डोळ्यात गेले असेल तर माणूस पापण्या घट्ट मिटून घेतो. त्या दोन बोटांनी उघडाव्यात. डोके इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूला कलते करावे, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. नाकाकडून कानाकडे पाण्याची धार सोडावी. डोळा चोळू नये, पुसू नये.

५. दवाखान्यात नेताना जीपमध्ये पाण्याचा कॅन घ्यावा आणि वाटेतही डोळा धूत राहावे. बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत न्यावे. "काहीतरी सफाईचं होतं" एवढे सांगून डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत. गंज काढणाऱ्या काही औषधांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असते. त्याची इजा वरून किरकोळ दिसते, दुखणे पुष्कळदा उशिरा उठते, आणि त्याला वेगळा उपचार लागतो. म्हणून नाव कळणे महत्त्वाचे.

६. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. जे उतरताना जाळते ते चढतानाही जाळते. तोंड खळखळून धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

काय करू नये

हळद, तूप, दंतमंजन, बटाटा, निळी शाई यांपैकी काहीही लावू नये. शाई लावली तर जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. तूप-तेलाने पदार्थ आत कोंडला जातो.

पुष्कळ शिकलेली माणसेसुद्धा एक चूक करतात. ॲसिड पडले म्हणून त्यावर सोडा टाकतात, कॉस्टिक पडले म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळतात. शाळेत शिकलेले असते की एक दुसऱ्याला मारते. ते खरे आहे, पण मारताना उष्णता निघते आणि ती आपल्या कातडीवर निघते. शिवाय सोडा शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. पाणी दोन्हींवर चालते.

मिसळण्याचे नियम

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी ओतू नये. एक किलो कॉस्टिक दहा लिटर पाण्यात विरघळले तर पाणी सुमारे २५ अंशांनी तापते. तेच दोन-अडीच लिटरात विरघळवले तर पाणी उकळीच्या जवळ जाते आणि तोंडावर उडते. थोडे थोडे टाकावे, लांब दांड्याने ढवळावे. ॲल्युमिनियमचे पातेले किंवा बादली वापरू नये. कॉस्टिक तिला खाते आणि पेटणारा वायू निघतो.

ॲसिडचाही तोच नियम: ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात नव्हे. ॲसिड लोखंडाला लागले की हायड्रोजन वायू सुटतो. तिथे बिडी नको, वेल्डिंग नको.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. संडास जास्त पांढरा होईल म्हणून काहीजण दोन्ही ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत बसतो.

कारखान्याच्या फाटकाबाहेर

आता कोणी म्हणेल, हे बॉडी धुणाऱ्या दहा-वीस माणसांपुरते झाले. तसे नाही. आपल्या परिसरात शाळा, महाविद्यालय, दवाखाना, अतिथिगृह, मंगल कार्यालय आणि दूध संघ उभे राहिले आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी झाडलोट, संडास सफाई, फरशी धुणे यासाठी बायामाणसे ठेक्यावर लागलेली असतात. त्यांच्या हातात मोरीचे ॲसिड, काळे फिनेल, ब्लीच आणि कॉस्टिक देतात. बहुतेकदा मूळ डब्यातून काढून जुन्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून देतात. लेबल नसते. त्या बाईला विचारले की हे काय आहे, तर ती म्हणते, "पिवळं पाणी." नाव माहीत नसलेल्या पदार्थापासून ती स्वतःला जपणार कशी? तहानलेल्या पोराने तीच बाटली तोंडाला लावली तर काय, याचाही विचार व्हावा.

साडी नेसून काम करणाऱ्या बाईच्या निऱ्या आणि पदर भिजतात आणि तसेच मांडीला, पोटाला चिकटून राहतात. तिला रबरी एप्रन पाहिजे. कापडी मोजे देणे म्हणजे न देण्याहून वाईट, कारण ते ॲसिड धरून ठेवतात. गमबूट दिले तर पँटचे पाय बुटाच्या बाहेरून सोडावेत. आत खोचले तर उडालेले पाणी बुटात उतरून साचते आणि पाऊल भाजते. काळे फिनेल अंगावर पडले तर ती जागा बधिर होऊ शकते, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नये.

दूध संघात कॅन आणि कूलर धुतानाही गरम कॉस्टिक असते. आणि आपल्या स्वतःच्या रानात? ठिबकच्या नळ्यांत क्षार बसला की आपण ॲसिड सोडतो. ते काम बहुतेक शेतकरी उघड्या हाताने, चष्म्याशिवाय, पायात चप्पल घालून करतात. ॲसिडचा कॅन मांडीवर कलवून ओततात. शेतावर वाहते पाणी असते, पण वीज गेली की तेही बंद. म्हणून ॲसिड सोडण्याआधी शेजारी दोन घागरी भरून ठेवाव्यात, आणि एकट्याने हे काम करू नये. त्याच नळ्यांना क्लोरीन द्यायचे असेल तर ते वेगळ्या दिवशी द्यावे.

कायदा काय सांगतो

१९४८ च्या कारखाना कायद्याने डोळ्यांचे संरक्षण, वायू साठलेल्या बंद भांड्यात उतरण्याआधीची खबरदारी आणि प्रथमोपचार पेटी हे मालकावर बंधनकारक केले. १९८४ साली भोपाळची दुर्घटना घडली. त्यानंतर १९८७ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन आपण हाताळतो तो पदार्थ काय आहे आणि त्याचा धोका काय, हे जाणून घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. 'पिवळं पाणी' हे उत्तर तेव्हापासून कायद्यालाही मान्य नाही. हे जुने कायदे आता नव्या कामगार संहितांमध्ये एकत्र केले आहेत, पण सुरक्षिततेची जबाबदारी मालकाचीच आहे.

एक गोष्ट आपल्या ध्यानात नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत आणि साखर कारखाना हा कायद्याने हंगामी धरला आहे. म्हणजे शहरातल्या गिरणी कामगाराला अपघातानंतर जो विमा दवाखाना आणि पगार मिळत आला, तो आपल्या कामगाराला त्या वाटेने मिळत नाही. त्याच्यासाठी १९२३ सालचा नुकसानभरपाईचा कायदा होता. माणूस ठेकेदाराचा असला तरी काम कारखान्याच्या धंद्याचे असेल तर भरपाईसाठी मूळ मालकाला धरता येते आणि मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, असे तत्त्व त्यात होते. त्याच्या परिशिष्टात एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर कमाईची ताकद ४० टक्के गेली, असे धरले होते. डोळा जागेवर राहून नुसती नजर गेली तर ३० टक्के. हिशेब कायद्याला करावाच लागतो. पण फडात, यंत्राजवळ, रात्रीच्या रस्त्यावर एका डोळ्याने वावरणाऱ्याला ३० टक्के म्हणजे काय ते विचारून पाहावे.

दुकानात सुटे ॲसिड विकण्यावरही निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार विक्रेत्याने नोंदवही ठेवणे, ओळखपत्र पाहणे आणि १८ वर्षांखालील मुलांना ॲसिड न देणे बंधनकारक आहे. तो आदेश मुख्यतः ॲसिड हल्ले रोखण्यासाठी झाला. पण लहान पोराला बाटली देऊन किराणा दुकानातून मोरीचे ॲसिड आणायला पाठवणे हेही त्यामुळे बसत नाही.

मालक कोण?

वर 'मालक' हा शब्द पुष्कळदा आला. हा मालक कोण, याचा विचार करू. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांची चिकाटी आणि धनंजयराव गाडगीळांचे मार्गदर्शन यांतून आपल्या जिल्ह्यात शेतकरी स्वतः कारखानदार झाला. त्याआधी कारखाना म्हटला की तो कंपनीचा, आणि आपण ऊस घालणारे किंवा खंडाने जमीन देणारे. सहकाराने ते बदलले. शेअर घेतला त्या दिवशी आपण मालक झालो. मग हप्त्याच्या दिवशी मालक आणि अपघाताच्या दिवशी परके, असे होता येणार नाही. बॉडीत उतरणारा पोरगा हा आपल्याच कोणाचा तरी मुलगा, भाचा, शेजारी असतो.

आणि खर्च म्हणाल तर तो फार नाही. नळाला मिनिटाला दहा लिटर पाणी येते असे धरले तर वीस मिनिटांना दोनशे लिटर लागते. दोनशे लिटर म्हणजे एक पिंप. कामाच्या जागी नळ नेता येत नसेल तर रोज भरलेले, झाकण असलेले, स्वच्छ पाण्याचे एक पिंप आणि एक मग ठेवणे कोणत्या कारखान्याला, कोणत्या शाळेला परवडणार नाही? चष्मा, रबरी मोजे, एप्रन यांची किंमत उसाच्या एका ट्रॉलीपुढे काहीच नाही. अडचण पैशाची नाही, ते कोणाच्या लक्षातच येत नाही ही आहे.

सर्वसाधारण सभेत विचारावे असे

अहवाल हातात आल्यावर भाव, उतारा, कर्ज यांबरोबर हेही प्रश्न सभासदांनी विचारावेत, अशी आमची विनंती आहे. तक्रार म्हणून नाही, घरच्या माणसाने घरात विचारावे तसे.

१. जिथे कॉस्टिक किंवा ॲसिड हाताळतात, तिथून दहा पावलांत वाहते पाणी किंवा भरलेले पिंप आहे का?
२. सफाईच्या प्रत्येक डब्यावर मराठीत नाव आणि धोका लिहिला आहे का?
३. ठेकेदाराच्या माणसांना चष्मा, रबरी मोजे, गमबूट, एप्रन मिळतात का, आणि ते मापाचे आहेत का?
४. बॉडीत उतरण्याआधी ती धुतली आहे, जोड रिकामे आहेत, हे कोण तपासतो आणि कोणाची सही होते?
५. पहिल्या वीस मिनिटांत काय करायचे, हे सफाईवरच्या बाईपासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना करून दाखवले आहे का?
६. गेल्या हंगामात किती जण भाजले? आकडा शून्य असेल तर तो खरोखर शून्य आहे, की लिहिलाच गेला नाही?

हा अंक वाचून झाल्यावर 'पहिली वीस मिनिटे' एवढा भाग कापून मोटारीच्या खोलीत, मोरीच्या दाराला आणि दूध केंद्रावर चिकटवावा. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवावा. आणि लक्षात एकच ठेवावे: काहीही पडले तरी आधी पाणी, नंतर जीप.